यंत्रणा कळली, उपचार अजून नाही

घरात कोणाला कर्करोग झाल्याचे कळले की दोन सल्ले हमखास येतात. साखर बंद करा, आणि प्रतिकारशक्ती वाढवा. पहिला सल्ला देणाऱ्याने कुठेतरी ऐकलेले असते की कर्कपेशी साखरेवर जगते. दुसऱ्याची खात्री असते की शरीर धडधाकट असते तर हा आजार झालाच नसता. हेतू दोघांचाही चांगला, आणि दोन्ही सल्ल्यांच्या मुळाशी विज्ञानाचा एकेक तुकडाही आहे. पण गाठीचे चयापचय हा एक विषय आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा हा दुसरा, अशी जी वाटणी त्यात गृहीत धरलेली असते ती गेल्या पंचवीस वर्षांतल्या संशोधनाने मोडीत काढली आहे. दोन्ही विषय एकत्र येतात ते पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, तिथे रोवलेल्या काही विकरांपाशी, म्हणजे एन्झाइमांपाशी. हे कळले की जुने सल्ले भाबडे वाटू लागतात. अडचण अशी की या नव्या ज्ञानातून जे नवे सल्ले निघू पाहत आहेत ते काही कमी भाबडे नाहीत, आणि त्यांच्यामागे बाजारही उभा आहे.

साखरेचा मुद्दा आधी उरकून घेऊ. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ऑटो वॉरबुर्ग यांनी दाखवले की गाठीतल्या पेशी ऑक्सिजन हाताशी असतानाही ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन करत नाहीत. त्याचे लॅक्टेट करून बाहेर टाकतात. ‘साखर बंद’ची मुळे इथवर जातात. पण रक्तातली साखर शरीर स्वतः राखते, उपाशी राहिले तरी यकृत ती तयार करत राहते. चहातली साखर सोडल्याने गाठ उपाशी मरत नाही. ताटातले अन्न कमी केले तर माणूस मात्र रोडावतो, आणि केमोथेरपीच्या दिवसांत वजन घटणे हे स्वतंत्र संकट असते. शिवाय गाठीवर चालून जाणाऱ्या टी-पेशींनाही ग्लुकोज लागतेच. २०१५ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसले की गाठीच्या आत कर्कपेशी ग्लुकोज आधी ओढून घेतात आणि टी-पेशींची उपासमार होते. म्हणजे भांडण काही मायक्रॉनच्या अंतरात कोण किती ओढतो याचे आहे. जेवणाच्या टेबलावर बसून ते सुटणारे नाही.

खरी गंमत ग्लुकोजच्या पुढच्या पायरीवर, एटीपीपाशी आहे.

एटीपी हे पेशीचे चालू इंधन. पेशीच्या आत ते भरपूर असते, निरोगी ऊतीत पेशीबाहेर जवळजवळ नसतेच. आतबाहेरचा फरक काही लाख पटींचा असतो. त्यामुळे एटीपी बाहेर सांडलेले आढळले की शरीराच्या लेखी त्याचा अर्थ ठरलेला: इथे कोणती तरी पेशी फुटली आहे किंवा संकटात आहे. प्रतिकारपेशींच्या अंगावर एटीपी ओळखणारे रिसेप्टर असतात. ते चेतवले गेले की दाह सुरू होतो आणि आणखी पेशी धावून येतात. गाठीत पेशी सतत मरत असतात, रक्तपुरवठा कुठे आहे कुठे नाही, वरून केमोथेरपी आणि रेडिएशनचा मारा. तिथे बाहेर सांडलेले एटीपी निरोगी ऊतीच्या मानाने कितीतरी जास्त असते. मग प्रतिकारयंत्रणेने गदारोळ करायला हवा. पुष्कळदा तो होत नाही.

याचे एक कारण पेशींच्या पृष्ठभागावर शेजारीशेजारी काम करणारी दोन विकरे. पहिले सीडी३९. ते एटीपीचे दोन फॉस्फेट एकामागून एक तोडते आणि एएमपी उरवते. दुसरे सीडी७३. ते राहिलेला फॉस्फेटही काढते आणि ॲडेनोसिन शिल्लक राहते. हे ॲडेनोसिन टी-पेशीवरच्या ए-टू-ए नावाच्या रिसेप्टरला चिकटते. पेशीच्या आत चक्रीय एएमपीची पातळी चढते आणि तिथून संदेशांची साखळी मंदावत जाते: इंटरफेरॉन-गॅमा कमी, विभाजन कमी, मारण्याची ताकद कमी. एनके-पेशी या दुसऱ्या मारेकरी प्रतिकारपेशींचेही तेच होते. ज्या रेणूने धोक्याची आरोळी ठोकायची, त्याच्याच अवशेषांतून अंगाई तयार होते. (झोपेशी ॲडेनोसिनचा संबंध शब्दशः आहे. जागेपणी मेंदूत साचत जाणारे ॲडेनोसिन झोप आणते, आणि कॉफीतले कॅफीन त्याचेच रिसेप्टर अडवून आपल्याला जागे ठेवते. कॅफीनचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.)

चयापचयाशी याचा सांधा नेमका कुठे? ऑक्सिजनच्या टंचाईत. गाठ रक्तवाहिन्यांपेक्षा वेगाने वाढते, तिचा मधला भाग गुदमरतो, आणि अशा वेळी पेशीत हिफ-१ नावाचे प्रथिन जागे होते. ग्लुकोज ओढण्याची आणि लॅक्टेट बाहेर टाकण्याची व्यवस्था तेच वाढवते. सीडी७३चे जनुकही त्याच्याच हुकमाखाली आहे; आतड्याच्या पेशींत हे २००२ मध्ये दाखवले गेले. एकच टंचाई एका हाताने गाठीचे जेवण बदलते आणि दुसऱ्या हाताने तिच्याभोवतीची प्रतिकारयंत्रणा निजवते.

हे सगळे पृष्ठभागावर घडते याला महत्त्व का आहे, ते एखाद्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात चांगले दिसते. हृदयाचे ठोके अचानक दीडशे-दोनशेच्या घरात गेलेला रुग्ण येतो. ईसीजीवर एसव्हीटी हा ठोक्यांचा बिघाड दिसला की डॉक्टर कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून ६ मिलिग्रॅम ॲडेनोसिन एका झटक्यात देतात आणि पाठोपाठ तितक्याच जोराने सलाइन ढकलतात. सावकाश देऊन उपयोग नसतो, कारण रक्तात ॲडेनोसिन काही सेकंदांत नाहीसे होते. मॉनिटरवरची रेघ क्षणभर सपाट होते, रुग्णाला आता आपण संपलो असे वाटते, आणि ठोका ताळ्यावर येतो. हृदयावरचा हा परिणाम ड्र्युरी आणि सेंट-जॉर्जी यांनी १९२९ मध्येच नोंदवला होता. मग प्रश्न असा, की रक्तात काही सेकंद टिकणारा हा रेणू गाठीभोवती महिनोन्महिने दबदबा कसा ठेवतो? तर तो तिथल्या तिथे, सतत, टी-पेशीच्या अगदी अंगाला लागून तयार होत राहतो म्हणून. त्यामुळे दंडातले रक्त काढून ॲडेनोसिन मोजले तरी गाठीच्या आतली हालहवाल कळत नाही. ‘तुमची प्रतिकारशक्ती किती’ हे रक्ताच्या एका थेंबावरून सांगणाऱ्या पॅकेजांच्या जाहिराती वाचताना एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

ॲडेनोसिन मोडणारे विकर मात्र आपल्याकडच्या प्रयोगशाळांना चांगले परिचयाचे आहे. छातीत पाणी झाले की ते काढून ‘एडीए’ तपासायला पाठवतात आणि आकडा चढा आला की डॉक्टरांना क्षयाचा संशय बळावतो. ते एडीए म्हणजे ॲडेनोसिन डीॲमिनेज. क्षयाच्या पाण्यात प्रतिकारपेशींची धामधूम चालू असते, म्हणून ते वाढलेले दिसते.

एटीपी हा पेशीबाहेरचा संदेशही असतो, हे जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२ मध्ये मांडले तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. कर्करोगाकडे हा विषय वळला तो मिखाइल सिटकोव्हस्की आणि अकिओ ओहटा यांच्या कामामुळे. २००१ मध्ये त्यांनी दाखवले की ए-टू-ए रिसेप्टर नसलेल्या उंदरांत दाह आवरत नाही. साध्या उंदरांना जेमतेम जाणवेल एवढ्या उद्दीपनानेही त्यांच्या यकृताचे मोठे नुकसान होते. २००६ मध्ये त्याच उंदरांत गाठी वाढवून पाहिल्या तेव्हा सुमारे ६० टक्के उंदरांनी त्या परतवून लावल्या. साध्या उंदरांपैकी एकालाही ते जमले नाही. ही दोन निरीक्षणे नेहमी जोडीने वाचावीत असे मला वाटते. बातम्यांत दुसरे येते, पहिले राहून जाते.

आणि पहिल्यातच इशारा आहे. सीडी३९ आणि सीडी७३ ही कर्करोगाने शोधून काढलेली हत्यारे नव्हेत. ती आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर, आतड्यात, प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींवर मुळातच असतात. जखम झाली, संसर्ग झाला, की दाह हवा. पण तो कुठेतरी थांबायलाही हवा, नाहीतर आपलेच अवयव जळतील. ही विकरे तो थांबवतात. गाठ या आयत्या व्यवस्थेचा गैरफायदा घेते. सीडी७३ मुळीच नसेल तर काय होते याचे उत्तर माणसांतही मिळालेले आहे. २०११ मध्ये तीन कुटुंबांतल्या अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध झाले, ज्यांच्यात या विकराचे जनुक जन्मतःच निकामी होते. त्यांच्या पायांच्या धमन्यांत आणि हातापायांच्या सांध्यांभोवती कॅल्शियमचे थर बसले होते. काही महिने औषधाने विकर अडवणे आणि जन्मभर ते नसणे यात फरक आहे, हे मान्य. पण या विकराला शरीरात दुसरी कामे आहेत एवढे त्यावरून नक्की ठरते.

संधिवाताचे उदाहरण त्याहून जवळचे आहे. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची छोटी मात्रा हजारो मराठी घरांत ओळखीची आहे. ती दाह कमी करते त्यामागे पेशीबाहेरचे ॲडेनोसिन वाढवणे हा एक महत्त्वाचा मार्ग मानला जातो. जे ॲडेनोसिन गाठीत खलनायक, तेच सुजलेल्या बोटांच्या सांध्यात उपकारक. ‘वाईट रेणू’ अशी भाषा वापरणाऱ्या कोणत्याही लेखाकडे म्हणूनच संशयाने पाहावे.

आता कारखानदारीकडे. यंत्रणा इतकी रेखीव दिसल्यावर औषध कंपन्या गप्प बसणे शक्य नव्हते. सीडी७३ अडवणारी प्रतिपिंडे, सीडी३९ अडवणारी प्रतिपिंडे, ए-टू-ए बंद करणाऱ्या गोळ्या, असे अनेक उमेदवार गेल्या दहा-बारा वर्षांत चाचण्यांत उतरले. त्यांतल्या एका चाचणीकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे.

कोस्ट नावाची ही दुसऱ्या टप्प्याची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. फुप्फुसाचा, शस्त्रक्रिया न करता येणारा तिसऱ्या पायरीचा कर्करोग. केमोथेरपी आणि रेडिएशन पूर्ण झालेले १८९ रुग्ण. एका गटाला ड्युरव्हॅलुमॅब हे नेहमीचे इम्युनोथेरपीचे औषध, दुसऱ्याला त्याच्या जोडीला सीडी७३ अडवणारे ओलेक्लुमॅब, तिसऱ्याला आणखी एक वेगळे औषध. वर्षभर आजार न वाढता राहिलेल्यांचे प्रमाण नुसत्या ड्युरव्हॅलुमॅबवर ३३.९ टक्के, ओलेक्लुमॅबसह ६२.६ टक्के. जवळजवळ दुप्पट. अशा आकड्यावर मथळे होतात आणि शेअर बाजार हलतो.

पण त्याच ड्युरव्हॅलुमॅबची, त्याच प्रकारच्या रुग्णांतली मोठी चाचणी २०१७ मध्येच प्रसिद्ध झालेली होती. पॅसिफिक नावाच्या त्या चाचणीत ७१३ रुग्ण होते. तिथे ड्युरव्हॅलुमॅबवर वर्षभर आजार न वाढलेले ५५.९ टक्के, आणि प्लासिबोवर ३५.३ टक्के. आता चारही आकडे शेजारी ठेवून पाहा. कोस्टमधल्या नुसत्या ड्युरव्हॅलुमॅबच्या गटाची कामगिरी पॅसिफिकमधल्या प्लासिबोच्या गटाइतकी झाली. म्हणजे जो फरक डोळ्यांत भरला तो नव्या औषधाने वर नेल्यामुळे किती आणि तुलनेचा गट खाली गेल्यामुळे किती, हे त्या १८९ जणांवरून ठरत नाही. दोन वेगळ्या चाचण्यांतले आकडे असे थेट ताडून पाहणे संख्याशास्त्राला मान्य नाही, रुग्ण कसे निवडले आणि स्कॅन केव्हा केले याने आकडे बदलतात, हे खरेच. तरीसुद्धा ही तुलना उत्साहाला लगाम घालायला पुरेशी आहे. लहान चाचणीत तुलनेचा गट दुबळा निघाला तर कोणतेही औषध पराक्रमी दिसते. तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी हाती घ्यावी लागते ती याचसाठी.

स्तनाच्या ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगात हीच जोडी केमोथेरपीसोबत तपासली गेली. सिनर्जी नावाच्या त्या चाचणीचा १२७ रुग्णांचा निकाल २०२३ मध्ये आला. २४ आठवड्यांनी उपचाराचा लाभ टिकून असलेल्यांचे प्रमाण ओलेक्लुमॅबसह ४३ टक्के, त्याच्याशिवाय ४४ टक्के. कागदावरची यंत्रणा तीच, विकर तेच, प्रतिपिंडही तेच. फायदा शून्य. या निकालाची बातमी कोणा मराठी वृत्तपत्रात पहिल्या पानावर आली नसणार, यात त्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. ‘फायदा झाला नाही’ ही बातमी कुठेच विकली जात नाही.

हा अनुभव पहिला नव्हता. विकर पेशीच्या आतले असले तरी आयडीओची कथा याच घराण्यातली आहे. हे विकर ट्रिप्टोफॅन संपवून टी-पेशींना निष्प्रभ करते. उंदरांत आणि सुरुवातीच्या लहान चाचण्यांत ते अडवल्याचा परिणाम चांगला दिसला. मग मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ७०६ रुग्णांत आयडीओ अडवणारे एपाकॅडोस्टॅट आणि इम्युनोथेरपीचे पेम्ब्रोलिझुमॅब यांची जोडी नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅबशी ताडून पाहिली. २०१८ मध्ये निकाल आला: आजाराची वाढ लांबवण्यात दोन्ही गटांत फरक नाही. त्या एका निकालाने या वर्गातल्या औषधांवर चाललेले कितीतरी काम आटोपते घेतले गेले. चूक जीवशास्त्राची नव्हती. कोणत्या रुग्णाच्या गाठीत हे विकर खरोखर कामाला लागलेले आहे ते न तपासता सगळ्यांना सरसकट औषध दिले गेले, आणि मात्रा गाठीत पुरेशी पोचते का यावरही नंतर शंका घेतल्या गेल्या.

ॲडेनोसिनच्या बाबतीत अडचण आणखी एक. एक दार बंद केले तरी रेणू दुसऱ्या दाराने आत येतो. सीडी३८ नावाचे पृष्ठभागावरचे विकर एटीपीला हातही न लावता एनएडीपासून सुरुवात करते. त्याच्या पुढे ईएनपीपी१ हे दुसरे विकर एएमपी तयार करते, आणि तिथून पुन्हा ॲडेनोसिन. म्हणजे सीडी३९ अडवले तरी वळसा घेऊन माल पोचतो. सीडी७३ अडवले तर अल्कलाइन फॉस्फेटेजसारखी इतर विकरे एएमपीचा फॉस्फेट तोडू शकतात. त्यातच ईएनपीपी१ आणखी एक उद्योग करते: कर्कपेशींतून बाहेर पडणारा सीजीएएमपी हा धोक्याचा दुसरा संदेश तेच तोडून टाकते. सीडी३९ची गोष्ट तर पेचातच पाडते. २०१८ मध्ये दिसून आले की गाठीत शिरलेल्या टी-पेशींपैकी ज्या गाठीला खरोखर ओळखतात त्यांच्या अंगावर सीडी३९ असते. नुसत्या वाट चुकून आलेल्या, एखाद्या जुन्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशींवर ते नसते. तेव्हा सीडी३९ असलेली प्रत्येक पेशी मारा असे ठरवले तर आपल्याच सर्वांत उपयोगी पेशी मारल्या जातील. विकर अडवायचे की विकर धारण करणारी पेशी संपवायची, हे दोन निर्णय वेगळे आहेत.

यश मिळाले तिथेही ते अपेक्षित रस्त्याने आले नाही. मल्टिपल मायलोमा या कर्करोगावर २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले डॅराट्युमुमॅब सीडी३८ला चिकटते आणि आज हजारो रुग्णांचे आयुष्य वाढवते आहे. पण त्याचे मुख्य काम विकर अडवण्याचे नाही. मायलोमाच्या पेशींवर सीडी३८ दाट असते, तेवढी खूण धरून ते त्या पेशी प्रतिकारयंत्रणेकडून मारवते. आणि खूण फक्त तिथेच नसल्याची किंमत रक्तपेढीत मोजावी लागते. तांबड्या पेशींवरही थोडे सीडी३८ असते. हे औषध चालू असलेल्या रुग्णाचे रक्त क्रॉसमॅचला आले की तंत्रज्ञासमोरच्या प्रत्येक नमुन्याशी प्रतिक्रिया दिसते, जणू जगात कोणाचेच रक्त त्याला चालणार नाही. मग डीटीटी नावाच्या रसायनाने तपासणीच्या पेशींवरचे सीडी३८ नष्ट करून पुन्हा चाचणी लावावी लागते. त्यात वेळ जातो. म्हणून पहिल्या डोसच्या आधीच रक्तगट आणि प्रतिपिंडांची तपासणी करून ठेवायची असते, आणि रक्तपेढीला औषधाचे नाव कळवायचे असते. ज्यांच्या घरात हा उपचार सुरू होणार आहे त्यांनी ही गोष्ट स्वतःहून विचारावी.

कार्बोनिक अनहायड्रेज-९ हे आणखी एक पृष्ठभागावरचे विकर. ऑक्सिजनच्या टंचाईत तेही वाढते, कार्बन डायऑक्साइडपासून बायकार्बोनेट आणि आम्ल बनवते. बायकार्बोनेट पेशी आत घेते आणि आम्ल बाहेर साचते. आम्लात टी-पेशी निस्तेज होतात. त्याला चिकटणारे जिरेंटक्सिमॅब हे प्रतिपिंड मूत्रपिंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर ८६४ रुग्णांत वापरून पाहिले, आजार उलटण्यात फरक पडला नाही. गंमत म्हणजे त्याच प्रतिपिंडाला किरणोत्सारी झिर्कोनियम जोडून स्कॅन केला, तेव्हा मूत्रपिंडातली गाठ, हे विकर सहसा वाढलेले असते त्या प्रकारची आहे की नाही हे सुमारे ८५ टक्के अचूकतेने ओळखता आले. औषध म्हणून नापास, निदानाला पास. आणि ‘गाठीभोवती आम्ल असते’ या खऱ्या वाक्याचे आपल्याकडे काय झाले? अल्कलाइन पाण्याची यंत्रे. रक्ताची आम्लता फुप्फुसे आणि मूत्रपिंडे अत्यंत काटेकोरपणे राखतात. प्यालेल्या पाण्याने गाठीच्या आतला पीएच हलत नाही. हलतो तो खिसा.

असेच ऑक्सिजनचे. २०१५ मध्ये सिटकोव्हस्की यांच्याच गटाने उंदरांना ६० टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेत ठेवले; गाठीतली टंचाई कमी झाली, ॲडेनोसिनची पकड सैल झाली, गाठी आक्रसल्या. प्रयोग सुंदर आहे. त्याच्या जोरावर कोणी कर्करोगासाठी ‘ऑक्सिजन थेरपी’चे पॅकेज विकू लागला तर तो प्रयोग त्याने वाचलेलाच नाही असे समजावे. आणि कॅफीन? २००६च्या त्या उंदरांच्या अभ्यासात टी-पेशींवरचा ॲडेनोसिनचा अंमल उतरवण्यासाठी वापरलेल्या पदार्थांत कॅफीनही होते, आणि गाठींची वाढ रोखण्यात त्याची मदत झाली. ‘कॉफीने कर्करोग बरा’ हा मथळा तयार व्हायला एवढे पुरते. कॉफी प्यावी, आवडत असेल तर.

या सगळ्या पार्श्वभूमीवर मुंबईतल्या एका चाचणीचा उल्लेख मुद्दाम करतो. टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांत तोंडाने घ्यायच्या तीन स्वस्त औषधांच्या जोडीला इम्युनोथेरपीचे निव्होलुमॅब दिले, तेही तीन आठवड्यांतून फक्त २० मिलिग्रॅम. प्रचलित मात्रा दोन आठवड्यांतून २४० मिलिग्रॅम असते. वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. यातली एक गोष्ट माझ्या मनात घोळत राहते. त्या तीन स्वस्त औषधांत मेथोट्रेक्सेट आहे, तेच, संधिवातात ॲडेनोसिन वाढवणारे. नुसत्या आकृतीवर बोट ठेवून चालणाऱ्याने ते इम्युनोथेरपीच्या शेजारून आधी हटवले असते. दोन्ही गटांना ते मिळाल्यामुळे त्याने बरे केले की वाईट हे या चाचणीतून कळत नाही, पण आकृती पाहून उपचार ठरवण्यापेक्षा रुग्णांवर मोजून पाहणे का बरे, ते कळते. दुसरा मुद्दा पैशाचा. जगातली बहुतेक संशोधने महागड्या प्रतिपिंडावर दुसरे महागडे प्रतिपिंड चढवण्याची आहेत. पहिलेच परवडत नाही अशांचा देश असताना ‘किती कमी मात्रेत भागेल’ हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागणार. तो विचारला गेला, याचे श्रेय द्यायला हवे.

हा लेख लिहीपर्यंत सीडी३९, सीडी७३ किंवा ए-टू-ए अडवणारे एकही औषध कर्करोगासाठी बाजारात मंजूर नाही. पुढे एखादे होईलही, बहुधा काही विशिष्ट गाठींसाठी, विकराचे प्रमाण आधी मोजून निवडलेल्या रुग्णांसाठी. तोवर सर्वांत मोठा धोका मला महागड्या औषधांचा वाटत नाही. तो स्वस्त आणि हाताशी असलेल्यांचा वाटतो.

त्यात पहिला क्रमांक ग्लिप्टिनांचा. सीडी२६ हे पृष्ठभागावरचे विकर चयापचय आणि प्रतिकार यांना जोडणारा सर्वांत उघड दुवा आहे. ते जीएलपी-१ हे हॉर्मोन तोडते, म्हणून मधुमेहात त्याला सिटाग्लिप्टिन आणि त्याच्या भावंडांनी अडवतात. टी-पेशींना गाठीकडे बोलावणारा सीएक्ससीएल१० हा रेणूही तेच तोडते. २०१५ मध्ये सिटाग्लिप्टिन दिलेल्या उंदरांत टी-पेशी गाठीत जास्त शिरल्या आणि गाठी मंदावल्या. २०१६ मध्ये दुसऱ्या गटाने उंदरांतच दाखवले की ही औषधे कर्कपेशींना ऑक्सिडेशनच्या ताणापासून वाचवतात आणि कर्करोग पसरायला मदत करतात. एकच औषध, एकच प्राणी, उलट उत्तरे. आणि त्याच २०१५ मध्ये मधुमेहाच्या १४,६७१ रुग्णांना सुमारे तीन वर्षे सिटाग्लिप्टिन किंवा प्लासिबो देऊन झालेल्या टेकॉस चाचणीत कर्करोगाच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. २०२२ मध्ये सिटाग्लिप्टिनचे पेटंट संपल्यापासून ही गोळी आपल्याकडे बरीच स्वस्त झाली आहे, आणि स्वस्त गोळीविषयीचा अर्धवट वाचलेला उंदीर-प्रयोग व्हॉट्सॲपवर फिरायला वेळ लागत नाही.

तेव्हा मधुमेहासाठी ग्लिप्टिन घेत असाल तर ती मधुमेहासाठीच घ्या. कर्करोग बरा होईल म्हणून कोणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका, कर्करोग पसरेल या भीतीने आपल्या मनाने बंदही करू नका. आणि चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव, मग ती साखरेची असो, संधिवाताची असो की आयुर्वेदिक काढ्याची, पहिल्याच भेटीत आपल्या कर्करोगतज्ज्ञाला लिहून द्या.